अकरा मीटरचा चढ

“इथे चढ होता,” आई म्हणाली आणि तिने संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. बोटाला बाम लागलेला होता, त्याचा तेलकट ठसा काचेवर उमटला. मी हसलो. आपल्या कामातलं आईला काही कळत नाही याचा प्रत्येक मुलाला जरा आनंदच असतो, तसा हसलो. महिन्यापूर्वी तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. त्या दिवशी तपासणी झाली आणि माझं काम उरकेपर्यंत मी तिला आक्राच्या आदाब्राका भागातल्या आमच्या कचेरीत माझ्या शेजारी बसवून ठेवलं. नव्या डोळ्याने तिने काहीतरी बघण्यासारखं बघावं म्हणून तिला तिचं गाव दाखवत होतो. तोमेफा. पंचावन्न वर्षांपूर्वी आकोसोम्बोला धरण झालं, व्होल्टा नदी अडली, आणि गाव तलावाच्या तळाशी गेलं. गेले आठ महिने मी ते गाव वर काढत होतो. जुन्या सर्व्हेच्या नकाशावरची उंचीची एकेक रेषा संगणकावर गिरवायची, प्रत्येक रेषेला तिची उंची सांगायची, मग संगणक त्या रेषांवर जमीन ताणून बसवतो. टेकड्या उठतात, ओढे आपापल्या जागी उतरतात. एका प्रदर्शनासाठी हे करून द्यायचं होतं; लोक येणार, जॉयस्टिकची काठी फिरवणार, बुडालेल्या मुलखावरून घारीसारखे फिरणार.

“आई, तिथे दलदल आहे. सपाट. नकाशात आहे तसं.”

“असेल नकाशात. मला तिथे दम लागायचा.”

“कधी?”

“रोज. डोक्यावर पाणी घेऊन कोण जायचं, तुझा नकाशा?” आणि मग ती एकदम हसायला लागली, इतकी की समोर बसलेली माझी सहकारी लामिली मान वर करून बघायला लागली. “अरे थोरल्या, ती दलदल तुझ्या बापाने केलीय.”

आई मला नावाने हाक मारत नाही. मी थोरला. माझ्या मागच्या दोघी बहिणी, एक हो नावाच्या गावात आणि एक तेमाला; त्यांना ती नावाने बोलावते. मी मात्र जन्मल्यापासून थोरल्या. सेन्यो हे नाव शाळेत, कचेरीत आणि निवडणुकीच्या यादीत आहे, तेवढंच. तर बापाची गोष्ट अशी. तो सतरा वर्षांचा असताना तोमेफात सर्व्हेवाले आले. साहेब, दोन मदतनीस, मोजणीच्या साखळ्या, लाल-पांढऱ्या काठ्या. गावातून एक पोरगा वाटाड्या म्हणून दिला, तो माझा बाप, आग्बेको. गावाच्या वरच्या अंगाला देवराई होती. तिच्यात परक्याने पाऊल टाकायचं नाही, लोखंड न्यायचं नाही, आणि साहेबाच्या साखळीत लोखंडाशिवाय दुसरं होतं काय? म्हाताऱ्यांनी बापाला बाजूला घेऊन सांगितलं, काय वाटेल ते कर, पण हे लचांड तिकडे नको. बाप साहेबाला म्हणाला, पुढे दलदल आहे, कमरेपर्यंत जाल, शिवाय साप. साहेबाचे बूट नवे होते. त्याने लांबूनच पाहिलं, मान डोलावली आणि कागदावर गवताचे तीन झुपके काढले. ते झुपके मला माहीत होते. आठ महिने मी त्यांच्यावर जीव लावला होता. इतक्या नाजूक हाताने काढलेले, दलदलीची खूण म्हणून शिकवताना दाखवावेत असे. माझ्या बापाचं नाव कुठल्याच कागदावर धड लिहिलेलं नाही. मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा एक अक्षर कमी आहे. आणि इथे त्याची थाप सरकारी शिक्क्यासकट इंचाला मैल या मापाच्या नकाशावर सदुसष्ट वर्षं बसलेली होती. मला अभिमान वाटला. मग लगेच बाप हवासा वाटला. त्याने हे मला कधीच का सांगितलं नाही, हे विचारायला तरी तो हवा होता. शेवटची काही वर्षं तो वसाहतीच्या शाळेबाहेर पहारेकरी म्हणून स्टुलावर बसायचा आणि कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, याबद्दल फार कडक होता.

वसाहत म्हणजे आमचं गाव. म्हणजे माझं. तलाव भरायला लागल्यावर लॉऱ्यांतून माणसं आणून तिथे उतरवली, सिमेंटच्या एकाच मापाच्या खोल्यांत, प्रत्येक दारावर रंगाने आकडा घातलेला. त्या वसाहतीत जन्मलेला पहिला मुलगा मी. लोक मला लॉरीचं पोर म्हणायचे, कारण लॉरीतून उतरल्यावर चौथ्याच दिवशी मी आलो. मोठी माणसं संध्याकाळी बाहेर बसली की त्यांच्या बोलण्यात एकच शब्द यायचा: तिकडे. तिकडे आंबे गोड होते. तिकडे मासा हाताने धरायचे. तिकडे माणसं अशी कुत्र्यासारखी भांडायची नाहीत. पुढे मी लांबलांबच्या माणसांचं बोलणं ऐकलं आणि कळलं की माणसं सगळीकडे अशीच भांडतात. पण तेव्हा मी ते ‘तिकडे’ भाताबरोबर खाल्लं. जे मी कधी पाहिलं नाही त्याची मला आठवण यायची. कशाची, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नदीकडून घराकडे येणाऱ्या वाटेची, बहुधा. ती वाट डाव्या हाताला वळायची असं मला ठाऊक होतं, कारण सांगणाऱ्याचा हात नेहमी डावीकडे जायचा. नकाशे काढण्याच्या धंद्यात मी पडलो तो त्या हातामुळे. तो जुना नकाशा दप्तरखान्यात घडी घातलेला मिळाला, घडीवर झुरळांनी खाल्लेला, त्यावर तोमेफाचे सहा काळे ठिपके होते. मी चक्क त्यावर गाल टेकवला. तिथल्या बाईंनी घसा खाकरला आणि मला हातमोजे दिले.

त्या संध्याकाळी ट्रोट्रोच्या भाड्याच्या व्हॅनमधून मदिना भागातल्या घरी परतताना गाड्यांची रांग लागली. खिडकीशी पाण्याच्या पिशव्या आणि केळ्याचे काप विकणारे धावत होते. आई म्हणाली, “थोरल्या, त्यात न्हाणी दाखवता येईल?”

“न्हाणी? आई, त्या मापावर अख्खं घर दिसत नाही. अख्खं गाव म्हणजे सहा ठिपके.”

“घर नको मला. न्हाणी कुठे होती ते हवं. मागची केळ.”

ती पुढे बोलली, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत, बाजारातला भाव सांगावा तशा आवाजात. तुझ्या आधी एक होती. गुरुवारी जन्मलेली. सात दिवस जगली. आठव्या दिवशी बारसं, पहाटे लेकराला बाहेर आणायचं, छपरावर पाणी फेकायचं, ते गवतावरून ठिबकून लेकराच्या अंगावर पडलं की मग त्याचं नाव घ्यायचं, सगळ्यांनी ओ द्यायची, तेव्हा ते माणूस. माझी सातव्या दिवशी दुपारी गेली. पाणी भरून ठेवलं होतं. बारशाआधी गेलेलं पोर म्हणजे पाहुणा, आला आणि गेला. रडायचं नाही, माती द्यायची ती न्हाणीमागे. केळीखाली दिली. दोन वर्षांनी गाव उठायला लागलं तेव्हा म्हाताऱ्यांनी थोरामोठ्यांच्या थडग्यांवरची मूठमूठ माती फडक्यात बांधून बरोबर घेतली. मी म्हटलं, माझी पण घ्या. माझा सासरा म्हणाला, कुणाची? नाव काय तिचं? मी काय सांगणार?

“मग तू स्वतः...”

“तू पोटात होतास. पोटुशी बाईने ती माती उकरायची नसते. लॉरी वाजत होती.” तिने पदरासारखं खांद्यावरचं कापड सारखं केलं. “आता जायची वेळ जवळ आली माझी. तिथे गेल्यावर म्हातारे भेटतील, तुझा बाप भेटेल. ती भेटायची नाही, तिला कुणी आणलंच नाही ना. ती जिथे आहे तिथेच आहे. एकदा जाऊन यायचंय मला. एवढंच. डोळा आहे तोवर.”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. चौपन्न वर्षांचा माणूस, केस पिकलेले, आणि मला कुणाची तरी जागा अडवून बसल्यासारखं झालं. ती आधीची, म्हणजे मी दुसरा, हे इतकं साधं गणित आणि ते कुणी मला दिलंच नव्हतं. थोरल्या ही हाक मी चौपन्न वर्षं फुकट वापरली असं वाटलं. गाडी सुटली, पुन्हा थांबली. आईने पाण्याची पिशवी घेतली आणि अर्धी मला दिली.

दुसऱ्या दिवसापासून माझं काम उलटं झालं. आजवर मी कागदावरून जमीन काढत होतो, आता माणसावरून काढायला लागलो. नकाशातल्या उंचीच्या रेषा पन्नास पन्नास फुटांच्या अंतराने असतात. दोन रेषांच्या मध्ये एखादी उताराची बाजू सहज दडून बसते, त्यातून तिथे दलदल म्हणून लिहिलं असेल तर कोण शोधतो? आई अंगणात भेंड्या चिरायची आणि मी समोर वही घेऊन बसायचो. नदीपासून घरापर्यंत विसावे किती? तीन. पहिला कुठे? गोरखचिंचेखाली. तिथवर बोलता यायचं? गाता यायचं, बोलायचं काय घेऊन बसलास. दुसरा? सपाट खडकावर, जिथे मिरची वाळायची. मग? मग चढ. तिथे बोलणं बंद. देवराई उजव्या हाताला, गार वारा यायचा, आणि घाम आला तरी पुसता यायचा नाही, दोन्ही हात घड्याला. तिसरा विसावा मध्येच, उभ्याउभ्या, पायाचा अंगठा रोवून. मग घर. न्हाणीचं पाणी कुठे वाहायचं? तिने चाकू धरलेला हात डावीकडे नेला. तोच हात, तेच डावीकडे. पाणी खोटं बोलत नाही, मी वहीत बाण काढला.

पण किती चढ? यावर आमचं भांडण झालं. शेवटी मी तिला मदिनाच्या रस्त्यावरच्या पादचारी पुलाशी नेलं. त्याला एका बाजूने पायऱ्या नाहीत, लांब उतार आहे. तिने सोबत रिकामं घमेलं आणलं होतं. डोक्यावर काही नसलं तर मला चढ कळत नाही म्हणाली. सकाळी नऊ वाजता ती पुलावर चढायला लागली, मी मागे फीत घेऊन. लोक थांबून बघायला लागले. फोनची कार्डं विकणारी बाई ओरडली, “आजी, पूल विकत घेताय की काय?”

“मोजून बघतेय, ठीक वाटला तर घेईन,” आई म्हणाली आणि माथ्याजवळ थांबली. अंगठा रोवून. मी बघितलं, चपलेत तिचा अंगठा रुतलेला होता. “हा कमी आहे. नाही... जास्त आहे. अरे थोरल्या, मी तेव्हा अठराची होते, आता मला जिना पण डोंगर.” मग कठड्याला धरून डोळे मिटले. तिच्या मानेची शीर उडत होती. खालून गाड्या जात होत्या. मला एकदम भीती वाटली, एका न दिसलेल्या चढासाठी मी आईला इथेच घालवणार की काय. “आई, पुरे.” “थांब,” ती म्हणाली. “दुसऱ्या विसाव्यापासून तिसऱ्यापर्यंत हा एवढा. मग तिसऱ्यापासून घरापर्यंत परत एवढा. हो. असाच होता.” मी पुलाचा उतार मोजला, तिची पावलं मोजली, घरी येऊन आकडेमोड केली. अकरा मीटर. दलदलीच्या जागी मी जमीन अकरा मीटर वर उचलली, आणि पडद्यावर टेकडीचं एक अंग उभं राहिलं, देवराईला पाठ देऊन, नदीकडे तोंड करून. न्हाणीचं पाणी डावीकडे वाहायला लागलं. मी ते बघत बसलो. इतकी वर्षं जे मी भाताबरोबर खाल्लं होतं ते पहिल्यांदा जमीन झालं.

लामिली मागे येऊन उभी राहिली. ती सव्वीस वर्षांची, आक्राचीच, तिचं गाव तिच्या पायाखाली आहे. ती माझी चेष्टा करू शकते. “बॉस, हा डोंगर कालपर्यंत नव्हता.”

“आता आहे.”

“आधार काय लिहायचा? नकाशा क्रमांक अमुक, हवाई फोटो तमुक, आणि आईचा दम?”

तिचं बरोबर होतं, पण मला अडवत होतं ते वेगळंच. प्रदर्शनात तो चढ दाखवला म्हणजे देवराईची जागाही कळली. सतरा वर्षांच्या पोराने एकट्याने जे राखलं ते मी बटण दाबून उघडं करणार, आणि शाळेच्या सहलीतली पोरं काठी फिरवत आत घुसणार. पाण्याखाली असली म्हणून काय झालं? आणि ते तीन झुपके पुसायचे म्हणजे बाप पुसायचा. मी दोन फाइली केल्या. एकीत दलदल तशीच ठेवली, तीच प्रदर्शनाला दिली, खाली सगळे आधार अगदी रीतसर लिहून. दुसरीत चढ. ती कुणालाच दाखवली नाही. आयुष्यभर मी अचूकपणाचा टेंभा मिरवला आणि पहिल्यांदा जाणूनबुजून चुकीची जमीन सही करून दिली.

मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा, आम्ही तलावावर गेलो. होडीवाला गामेली, पन्नाशीचा, तोंगूकडचा कोळी, आईला बघून म्हणाला, “आजी, बाजाराचा दिवस नाही, कुठे निघालात?” “माहेरी,” आई म्हणाली. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात होतं. तासभर होडी चालली. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले होते, त्यांवर पाणकावळे. मी हातातल्या जीपीएसवर आकडे बघत होतो, डावीकडे घे, अजून थोडं, आणि माझ्या डोक्यात ती वाट चालली होती, गोरखचिंच, सपाट खडक, अंगठा रोवायची जागा. मला वाटलं मीही चढतोय. एका ठिकाणी गामेलीने आपणहोऊन इंजिन बंद केलं.

“इथून पुढे हळू. इथे आम्ही जाळं टाकत नाही.”

“का?”

“खाली झाडं आहेत उभी. दाट. जाळं गेलं की परत येत नाही. आमच्या बापाने सांगितलं, इथे नको, आम्ही पोरांना सांगतो, इथे नको.”

आई माझ्याकडे बघून हसली. दलदलीत झाडांची दाटी नसते. बाप अजून पहारा देत होता. मी आकडे जुळवले. यंत्राची चूक तीन मीटर, पुलाची आणि दमाची चूक किती, देव जाणे; पन्नास, शंभर. न्हाणी या होडीखाली असेल किंवा त्या पलीकडच्या शेंड्याखाली. आई वाट बघत होती. “इथेच,” मी म्हणालो. “बरोबर इथे.” शेवटी मी त्याच बापाचा मुलगा.

मी श्नॅप्सची बाटली काढली, थोरामोठ्यांना ओततात तशी ओतायला. आईने माझा हात बाजूला केला. “ते म्हाताऱ्यांना. लेकराला दारू पाजतोस?” ती कडेला वाकली, मी तिला कमरेला धरलं. तिने ओंजळ भरली, वर धरली, आणि बोटांतून पाणी परत तलावात ठिबकू दिलं.

“किती खोल आहे रे वरचं पाणी?”

“सतरा मीटर. दहा माणसं एकावर एक उभी केली तर.”

“म्हणजे छप्पर पाण्याखाली गेलं.”

“कधीच गेलं, आई.”

“मग पाणी पडलंय तिच्यावर,” ती म्हणाली. “पंचावन्न वर्षं पडतंय. फक्त नावच राहिलं होतं.” आणि तिने मोठ्याने, मी तिचा इतका मोठा आवाज कधी ऐकला नव्हता, हाक मारली, “एसिनाम!” पाणकावळे उडाले. बारशाला नाव घेतलं की जमलेल्यांनी ओ द्यायची असते. जमलेले आम्ही दोघेच, मी आणि होडीवाला. गामेलीने टोपी काढली आणि ओ दिली. दुसऱ्यांदा आईने हाक मारली, त्याने परत दिली. तिसऱ्यांदा मी दिली, वेडीवाकडी, पण दिली.

मग ती पाण्याशी हळू बोलली, जवळच्या माणसाशी बोलावं तसं. “हा तुझा धाकटा भाऊ. याच्यामुळे मला तुला नेता आलं नाही. रागावू नकोस त्याच्यावर. यानेच शोधलं तुला.”

गामेलीने इंजिन सुरू केलं. ऊन चढलं होतं, मी तिच्या डोक्यावर छत्री धरली. छत्रीखालून ती म्हणाली, “तो चढ पुसून टाक. तुझ्या बापाला खोटं पाडू नकोस.” मी बरं म्हणालो. काठ दिसायला लागला. होडी वाळूला लागली तेव्हा तिला उठवेना, तिने हात पुढे केला.

“हात दे, सेन्यो,” आई म्हणाली.